मिठागरातला डास

डासांचा अभ्यास करते असं सांगितलं की माणसं आधी हसायची आणि मग विचारायची, "म्हणजे मारायचे कसे ते?" मी म्हणायचे, नाही, ओळखायचे कसे ते. मग हसणं थांबायचं आणि सगळ्यांच्या नजरा आईकडे वळायच्या, हिचं लग्न कधी करताय म्हणून. वडील रोह्याजवळ धाटावला कंपनीत होते. शिफ्टवरून आलेल्या माणसाला कुणी असलं काही विचारलं की ते सरळ सांगायचे, मुंबईला शिकते, पुढचं तिलाच विचारा.

मला त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. माझी ताई धरमतरच्या खाडीकाठी मिठागराच्या गावात दिलेली. तिचं पहिलं बाळंतपण आमच्याकडे रोह्याला झालं. सातव्या महिन्यात आली ती हिवताप घेऊनच आली आणि मूल मेलेलं जन्मलं. मुलगी होती. पुढे कितीतरी महिने ताई कामापुरतंच बोलायची. नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत कधीतरी तिला पुन्हा दिवस गेले, तेव्हा आईच्या आधी तिने ते मला सांगितलं. मोरीत कपडे धूत होतो आम्ही. ती म्हणाली, "या येलचं मला पायजेच गो." एवढंच बोलली आणि पिळा झटकून उठली.

पहिलं माहेरी गेलं म्हणून दुसरं सासरीच, असं दोन्हीकडच्या बायकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मी डोकं आपटून घेतलं. तिला रोह्याला आणा, इथे ताप नाही, खाडी नाही. आई म्हणाली, "इथंच तर गेलं ना ते." शेवटी मी मच्छरदाणी घेऊन गेले, दर आठवड्याला घ्यायच्या हिवतापाच्या गोळ्या घेऊन गेले. मच्छरदाणीत ताई झोपायची, पण डास काही आपण झोपायची वाट बघत नाहीत. तिन्हीसांजेला मागच्या पडवीत भांडी घासायला बसली की तिचे पाय उघडेच. गोळ्या गरम पडतात, पोट पडेल, असं सासूने सांगितलं आणि ताईने त्या तांदळाच्या डब्यामागे ठेवून दिल्या. मला मात्र सांगायची, घेते.

तेव्हा मी ठरवलं की माझं संशोधन याच गावात करायचं. माझ्या मार्गदर्शक सरांना विषय पसंत पडला. त्यामागचं कारण मी त्यांना कधी सांगितलं नाही.

आता प्रश्न काय होता ते सांगते. ताप बांधालगतच्या घरांच्या ओळीत होता, ताईचं घर त्यातलंच. त्या घरांच्या मागे मिठागर. पावसाळ्यात मिठाचे वाफे पावसाच्या पाण्याने भरून राहतात, खालचं मीठ त्यात विरघळतं आणि पाणी धड गोडं नाही, धड खारं नाही असं मचूळ होतं. मला खात्री होती की डास तिथूनच येतात. गाव म्हणायचं, मिठाच्या पाण्यात डास होतच नाहीत. फवारणीचा साहेब म्हणायचा की या भागात सापडतो तो डास गुरांना चावणारा, तो पावसाच्या डबक्यात होतो आणि त्याच्याने हिवताप पसरत नाही. पुस्तकातही तसंच लिहिलेलं. साहेब पुस्तकाप्रमाणे गोठे फवारून जायचा आणि बांधालगतच्या घरांत ताप तसाच राहायचा.

पण ज्या एका डासाला सगळे एकच समजत होते, त्यात दोन जाती मिसळलेल्या असाव्यात असं नवं संशोधन सांगू लागलं होतं. दिसायला सारख्या, पंखावरचे ठिपके सारखे, बसायची ढब सारखी. एक गोड्या पाण्यातली, गुरांच्या रक्तावर जगणारी. दुसरी खाऱ्या पाण्यातली, घरात शिरून माणसाला चावणारी. ताईच्या खोलीत येणारी जात ही दुसरी, मिठागरातली आहे एवढं मला दाखवून द्यायचं होतं. ते दाखवलं की मिठागराची उघाडी, म्हणजे खाडीचं पाणी आत-बाहेर करायचं बांधातलं दार, उघडायला गावाला सांगता येणार होतं. भरतीचं कडक खारं पाणी आत आलं की मचूळ पाण्यातल्या अळ्या मरतात. दिवाळीच्या आसपास ताप वाढतो, आणि ताईला दिवाळीत आठवा लागणार होता.

म्हणून मी मोजायला बसले. ताईच्या घरातल्या पडवीत खिडकीशी माझं टेबल, त्यावर कॉलेजकडून मागून आणलेला मायक्रोस्कोप, त्याच्या भिंगात कोरलेली बारीक पट्टी. डासाचा पंख मोजायचा, सोंडेशेजारच्या मिशांवरचे काळे-पांढरे पट्टे मोजायचे, त्यांचं एकमेकांशी प्रमाण काढायचं. आषाढ गेला, श्रावण गेला. गोठ्यातले डास सरासरीने थोडे मोठे, घरातले थोडे लहान. पण सरासरीने. एकेक डास हातात घेऊन ही या जातीची असं छातीठोक सांगावं, तर सगळं एकमेकांत मिसळलेलं. गोठ्यातला बुटका डास घरातल्या उंच डासाएवढाच निघायचा. एका संध्याकाळी मी मान वर केली तर डोळ्यांपुढे नुसते पट्टे नाचत होते आणि शेजारी ताई पोटावर हात ठेवून लसूण सोलत बसलेली. मला इतकं रडू आलं की मी उठून मागे गेले.

सासू माझ्यावर रागावलेली नव्हती, उलट तिला माझी कीव यायची. "डास म्हंजे डास, त्याची काय जात बघाची? माजी बाय, जेव आदी." हे रोजचं होतं.

सर म्हणाले, मापं बाजूला ठेव, गुणसूत्रं काढ. मुंबईत बसून हे सांगायला काय जातंय. गुणसूत्रांवर आडवे पट्टे असतात आणि त्यांचा क्रम जातीजातीत वेगळा असतो. एका जातीत तो जसा असतो, त्यातला एक तुकडा दुसऱ्या जातीत उलटा बसलेला असतो. तो उलटा तुकडा दिसला की वाद संपला. पण हे पट्टे वाचण्याजोगे जाड होतात ते फक्त मादीच्या अंडाशयात आणि तेही ती अर्धी गाभण असताना. म्हणजे रक्त प्यायल्यावर साधारण एका दिवसाने. आधी उघडली तर काही नाही, उशिरा उघडली तर नुसती अंडी. म्हणजे पहाटे उठून रक्त प्यायलेल्या माद्या पकडायच्या, त्यांना पेल्यात जाळीखाली जिवंत ठेवायचं, ओला कापूस द्यायचा आणि नेमक्या वेळी उघडायच्या.

पहाटे मी टॉर्च घेऊन घराघरातून फिरायचे. काचेची नळी, तिला रबरी नळी, रबरी नळीचं टोक तोंडात. भिंतीवर फुगून बसलेल्या मादीवर काच धरायची आणि हलकेच श्वास ओढायचा. मध्ये जाळी असते, तरी पहिल्यांदा पाहणाऱ्या बाया तोंडाला पदर लावायच्या. ताई माझ्यामागे टॉर्च धरून यायला बघायची आणि मी तिला हाकलायचे. "मच्छरदाणीत जा, नाहीतर आईला सांगेन." ती म्हणायची, "सांग जा, रोह्यावरून वरडंल ती." त्या दिवसांत ती पुन्हा हसायला लागली होती. मला ते बरं वाटायचं आणि भीतीही वाटायची.

माद्या मरायच्या. भादव्याच्या उकाड्यात पेल्यात मरायच्या, मुंग्या लागून मरायच्या, जगल्या तर वेळ चुकायची. स्लाइडवर नुसता रंगाचा गाळ. माझी चिडचिड इतकी व्हायची की भावोजी घरात शिरण्याआधी ताईला खुणेने विचारायचे, वारा कुठला आहे.

आधी अंडी कामाला आली. या डासाचं अंडं होडीच्या आकाराचं असतं, दोन्ही बाजूंना तरंगायला पंखे, पंख्यांवर वळ्या. गोठ्यातल्या माद्यांच्या अंड्यांवर वळ्या दाट होत्या. ताईच्या घरातल्या माद्यांच्या अंड्यांवर त्या कमी आणि ठसठशीत. मधलं काही नाही. मिठागराच्या वाफ्यातून गाळून आणलेल्या अळ्या वाढवून पाहिल्या, त्यांच्या माद्यांची अंडीही कमी वळ्यांची. पाठोपाठ दोन-तीन स्लाइडवर गुणसूत्रंही दिसली. पुसट होती, एकमेकांवर चढलेली होती, पण उलटा तुकडा होता. घरातल्या माद्यांमध्ये होता, गोठ्यातल्यांमध्ये नव्हता. मी ओरडलेच. सासू पळत आली, तिला वाटलं साप निघाला.

मुंबईत सरांनी त्या स्लाइड पाहून मान हलवली. "खरं आहे, पण हे छापायला चालणार नाही. एक तरी स्वच्छ पसरलेली हवी." मला छापायचं नव्हतं, मला उघाडी उघडून हवी होती. मी तडक गावी परतले आणि गावकीपुढे उभी राहिले.

देवळाच्या ओट्यावर पाच-सहा म्हातारे. मी मायक्रोस्कोपच उचलून नेला होता. एकेकाने डोळा लावला. अंडी सगळ्यांना दिसली आणि त्यांना ती आवडली, होड्याच आहेत म्हणाले. मी सांगितलं, घरात येणारा डास तुमच्या वाफ्यातला आहे, हे पाहा. भरतीचं पाणी आत्ताच घ्या, दिवाळीपर्यंत थांबू नका. त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्क माणसाने शांतपणे सांगितलं, "पानी घ्यायाचा तो पाडव्याला. नारळ फोडल्याबिगर खाडी आत घेत नाय. माज्या आज्यानं नाय घेतली." मी म्हटलं, तोवर ताप येईल. माझी बहीण भरल्या पोटाची आहे. माझा आवाज चढला होता. माहेरचं माणूस असून मी गावकीत बोलतेय याचं भान मला राहिलं नव्हतं, आणि त्यांनी ते मला दाखवूनही दिलं नाही. ते भले लोक होते. त्यांनी खरंच विचार केला, आपसात बोलले आणि म्हाताऱ्याने निवाडा दिला. पाणी आत घ्यायला मुहूर्त लागतो, बाहेर सोडायला लागत नाही. तेव्हा ओहोटीला उघाडी उघडून वाफ्यांतलं पावसाचं पाणी काढून टाकू. "पानीच नाय तं डास कशात व्हईल?"

मी नाही म्हटलं. काढू नका, तळाला डबकी राहतील, काढायचंच असेल तर त्याच दिवशी भरती आत घ्या. पुन्हा पुन्हा सांगितलं. ते माना डोलवत होते, व्हय व्हय म्हणत होते. नक्की काय करणार ते मला कळलं नाही आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजात हजेरी लावायलाच हवी होती, नाहीतर शिष्यवृत्ती बंद. भावोजींना मी बजावलं, पाणी सोडलं तर भरलंच पाहिजे. ते म्हणाले, "मी सांगेन. ऐकतील का ते देव जानं."

नवरात्र झाल्यावर मी परत आले. गाडीने कासूला उतरले, टेम्पोने बांधापर्यंत गेले. लांबून मिठागर कोरडं दिसलं. जवळ गेले तेव्हा पाहिलं. त्यांनी ओहोटीला पाणी सोडलं होतं आणि सगळं गाव वाफ्यांत मासे धरायला उतरलं होतं. जिताडे, कोलंबी, वर्षाचा आनंद. मासे गेले. चिखलात शेकडो माणसांच्या पायांचे ठसे राहिले आणि परतीच्या सरींनी ते भरले होते. खाली मीठ, वर पावसाचं पाणी. मी खाली बसून एका ठशात बोट घातलं. अळ्यांनी वळवळत होता. त्याच्या शेजारचा तसाच. टाचेत वेगळ्या, अंगठ्यात वेगळ्या. त्यांना खाणारा एकही मासा उरलेला नव्हता. मोठ्या वाफ्यात झाल्या असत्या त्याच्या कितीतरी पट अळ्या त्या पावलांत वाढत होत्या, आणि पाडवा अजून लांब होता.

मी तिथेच चिखलात उभी राहून शिव्या दिल्या. कुणाला दिल्या ते मलाही ठाऊक नाही. भावोजी बांधावरून ऐकत होते, ते खाली उतरले. मग आम्ही दोघांनी फावड्याने ठसे बुजवायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी आणखी दोघे आले. वाफे नजर पोचेल तिथपर्यंत होते. चार माणसांनी काय बुजणार होतं? तरी आम्ही अंधार पडेपर्यंत बुजवत राहिलो, कारण हात थांबले की विचार सुरू व्हायचे.

मी ताईला म्हटलं, चल, आत्ताच्या आत्ता रोह्याला चल, आईला मी बघते. या खेपेला सासूसुद्धा आड आली नाही. ताई तयार झाली. रविवारी निघायचं ठरलं, भावोजी धरमतरला मालाच्या बार्जवर कामाला होते, त्यांना त्या दिवशी सुटी होती.

शुक्रवारी दुपारी तिला थंडी भरली. ऑक्टोबरच्या उन्हात तिच्यावर दोन गोधड्या टाकल्या, वर मी पडले, तरी खाट हलत होती. शनिवारी ताप उतरला आणि ती उठून म्हणाली, बघ, गेला. मला माहीत होतं तो जात नाही. रविवारी पहाटे पुन्हा चढला आणि या वेळी तिच्या पोटात कळा होत्या. भावोजी गाडी बघायला धावले. मी तिला उठवायला मच्छरदाणी वर केली तर आत, तिच्या उशाशी, कोपऱ्यात एक मादी बसलेली. पोट रक्ताने टम्म. ती कशी आत शिरली देव जाणे. माझ्या गळ्यात नळी होतीच. मी मादी नळीत ओढली, पेल्यात सोडली, वर जाळी लावली. विचार केला नव्हता. हाताला सवय लागलेली होती.

पेणला दवाखान्यात दिवसभर गेला. त्यांनी सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली, बाहेरून गोळ्या आणायला सांगितल्या. बाळ रात्रीतच जन्मलं. मुलगा होता, आठवा अजून लागायचा होता, थोडाच वेळ जगला. रडला नाही. भावोजींनी त्याला टॉवेलात घेतलं आणि कुणाशी न बोलता खाडीकडे घेऊन गेले. आई रोह्याहून पोचली तोवर सगळं संपलेलं होतं. आई माझ्याकडे बघत होती आणि मला तिच्याशी भांडायचं होतं, फार भांडायचं होतं, पण मी तिच्या हातातली पिशवी घेतली.

सकाळी ताईचे कपडे आणायला मी गावी गेले. घरात कुणी नव्हतं. टेबलावर पेला तसाच होता आणि मादी जिवंत होती. मी बघितलं, पोटाचा मागचा अर्धा भाग पांढरट झालेला, पुढचा अजून लाल. नेमकी वेळ. मी खुर्चीवर बसले. मला ती चिरडायची होती. मी सुया घेतल्या. अंडाशय काढलं, औषधाच्या बाटलीत टाकलं, कपड्यांची पिशवी भरली, पेणला गेले. दुसऱ्या दिवशी परत येऊन ते रंगवलं. इतकी स्वच्छ स्लाइड मला त्याआधी मिळाली नव्हती आणि नंतरही मिळाली नाही. गुणसूत्रांचे पाचही फाटे सुटे पसरलेले, प्रत्येक पट्टा वेगळा, उलटा तुकडा बोट ठेवून दाखवावा असा. सर पुढे तो फोटो सगळ्यांना दाखवायचे. त्यातली अंडी माझ्या बहिणीच्या रक्तावर वाढली होती हे मी त्यांना सांगितलं नाही. कसं सांगणार होते?

ती स्लाइड रंगवली त्याच संध्याकाळी मी दवाखान्यात ताईजवळ बसले होते. ताप उतरला होता. दूध आलं होतं म्हणून तिची छाती फडक्याने घट्ट बांधलेली. माझ्या बोटांना लागलेला जांभळा रंग तिने पाहिला. माझा हात हातात घेऊन तिने तो उलटासुलटा केला.

"तुजं ते मिळालं का गो?" तिने विचारलं. "जे शोधत व्हतीस ते?"

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मला खोटं बोलायचं होतं पण जमलं नाही. मी हो म्हटलं.

"बरं झालं," ताई म्हणाली. "दोघींतल्या एकीला तरी मिळालं."